पोचलीस की मिस्डकॉल दे

जेलरोड, नाशिकरोड
रविवार, रात्री

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर बोललो ते बोलायला नको होतं. ‘चार वर्षं यीस्टच्या संशोधनात डोकं घालून मिळालं काय?’ हे वाक्य विलासचं, पण तोंड माझंच होतं. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. रात्रीच्या स्कूटीचा विषय पत्रात काढणार नाही, असं तिला कबूल केलंय.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या कप्प्यात जायचं एक प्रथिन मायटोकॉन्ड्रिया या दुसऱ्या कप्प्यात गेलं तरी माणसाच्या किडन्या जातात. अप्पांच्या डायलिसिसच्या वाऱ्या आठवल्या. त्यांचं कारण साखर, ठाऊक आहे. पण माल चांगला, कामाला तयार, फक्त खण चुकला! हे आरएमएसवाल्याला, रेल्वेच्या टपालाची छाटणी करणाऱ्याला, समजावून सांगावं लागत नाही.

दुपारी ब्लोबेल या शास्त्रज्ञाबद्दल वाचलं. प्रथिनाचा पत्ता त्याच्या साखळीतच लिहिलेला असतो, हे दाखवल्याबद्दल १९९९चं नोबेल. बक्षिसाचे पैसे त्यानं ड्रेस्डेनचं युद्धात पडलेलं चर्च उभारायला दिले. माणूस आवडला. आमचा पिनकोड वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ला आणला, तोही सहा आकडी. तुमच्याकडे प्रथिन कप्प्यात शिरताना पत्ता पुष्कळदा छाटूनच टाकतात म्हणे. आम्ही निदान शिक्का तरी मारायचो.

आई पंचवटीला गेली होती तेव्हा तुला रात्रपाळीला नेलं होतं. स्टुलावर उभं राहून तू मालेगावचं पाकीट मनमाडच्या खणात टाकलंस. मी ओरडलो. रडली नाहीस, ते कुणाचं होतं, त्याला उशिरा मिळालं असतं तर काय झालं असतं, हे घरी येईपर्यंत विचारत राहिलीस. सायकलच्या दांड्यावर बसून.

तुझं हिरवं चमकणारं प्रथिन ईआरमध्येच, त्या घडी घालायच्या कप्प्यातच, अडकलंय ना? घडी नीट बसली नाही तर पेशी त्याला पुढे सोडत नाही, हे तूच सांगितलं होतंस. मग रात्री दोनपर्यंत त्याच्यासमोर बसून ते सुटणार आहे का? वेळेवर जेवावं, झोपावं, सकाळी ताज्या डोक्यानं... आलोच बघ तिथे. माफ कर.

मी तरी काय केलं? वर्षानुवर्षं पहाटे तीनला घरी यायचो. आई कडी न लावता बसलेली असायची आणि मी तिच्यावरच वैतागायचो, झोपत का नाहीस म्हणून.

पोस्टरशेजारचा तुझा फोटो विलासला पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला. ज्याला दाखवायचा त्याला दाखवून झालाय, वाण्यालासुद्धा.

डिंकाचे लाडू स्पीड पोस्टनं टाकले आहेत, पिन दोनदा तपासून. आणि रात्री खोलीवर पोचलीस की एक मिस्डकॉल दे. उचलणार नाही. जागा असेनच असंही नाही.

तुझा,
बाबा