रामकुंडाच्या तळाचं काँक्रीट कधी काढणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थाच्या बातम्या रोज येतायत, रस्ते, घाट, साधुग्राम, पार्किंग, सगळं आहे त्यात, पण ज्या पाण्यात डुबकी मारायला लाखो लोक येणार ते पाणी कुठून येणार यावर कुणीच बोलत नाही म्हणून हे पत्र.

आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की रामकुंड हे घरातल्या पोरांनाही कळतं. तिकडे त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर ती उगम पावते, गौतम ऋषींनी तिला आणली अशी आपली श्रद्धा, आणि तिथून 1465 किलोमीटर जाऊन ती बंगालच्या उपसागराला मिळते. एवढी मोठी नदी, आणि ज्या गावात तिच्या काठी सिंहस्थ भरतो तिथेच उन्हाळ्यात गंगापूर धरणातनं पाणी सोडलं तर वाहते, नाहीतर नाही.

2016 चा उन्हाळा आठवा. रामकुंड कोरडं पडलं होतं, टँकरनं पाणी आणून ओतलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर, पुराची खूण म्हणून ज्याच्याकडे बघतात तो काठावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली! चार महिन्यांत ही दोन्ही टोकं बघितली आपण.

पूर्वी रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड अशी 17 कुंडं होती पात्रात, त्यांना स्वतःचे जिवंत झरे होते असं जुनी माणसं सांगायची. मग 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत भाविकांचे पाय घसरू नयेत, चिखल नको, म्हणून तळाला काँक्रीट टाकलं गेलं. हेतू वाईट नव्हता हे मी मान्य करते, पण खालनं येणारं पाणी बंद झालं आणि वरचं जिरायचंही बंद झालं, म्हणजे नदीची टाकी करून ठेवली. नंतर काही ठिकाणी काँक्रीट काढलं, मग वाद झाले, काम रेंगाळलं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातल्या एकांचा दहावा होता. पिंडदान झालं, कावळा शिवायची वाट बघत सगळे बसलो होतो आणि पायरीला लागून हिरवट साय धरलेलं पाणी, त्यात निर्माल्याच्या पिशव्या, दोन नारळ, एक फाटका फोटो, सगळं जागच्या जागी उभं, हलतच नव्हतं. मुलगा अस्थी घेऊन पायरीवर थांबला. इथल्या कुंडात अस्थी विरघळतात या श्रद्धेनं लोक कुठनं कुठनं येतात हो, आणि त्यांना हे दाखवायचं?

पर्वणीच्या दिवशी धरणातनं पाणी सोडतीलच, त्या दिवशी नदी छान दिसेल. पण इथे दशक्रिया रोज होतात, आंघोळीला लोक रोज येतात.

माझी मागणी एवढीच आहे. 2027 च्या पर्वण्यांआधी कोणत्या कुंडाच्या तळाचं काँक्रीट कधी काढणार ते प्रशासनानं कुंडनिहाय तारखेसह जाहीर करावं, हे काम पावसाळ्यात होत नाही, पाणी कमी असतानाच करावं लागतं. घाटाचे दगड, जुन्या पायऱ्या यांना धक्का न लावता जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावं. आणि तारखा आल्या की त्या तुमच्या पेपरात पहिल्या पानावर छापा, म्हणजे आम्हाला प्रत्यक्ष जाऊन बघता येईल.

एक वाचक,
पंचवटी, नाशिक