साइट सुचवताना फाइल कुठे जाते तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अधूनमधून मोफत आणि उपयोगी संकेतस्थळांच्या याद्या येतात. मी मोठ्या माणसांना संगणक शिकवते, त्यामुळे त्या बारकाईने वाचते. माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त झालेले असतात, घर सांभाळणारे असतात, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेले असतात. ही मंडळी यादीचे कात्रण जपून ठेवतात. गरज पडली की त्यातले नाव सर्चमध्ये टाकतात, सर्वांत वर जे येईल त्यावर क्लिक करतात आणि ओळखपत्राचा स्कॅन तिथे चढवून मोकळे होतात. यादीवर त्यांचा पूर्ण भरवसा असतो, कारण ती वर्तमानपत्रात आलेली असते. म्हणून माझी विनंती आहे की याद्या जरूर छापा, पण प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी द्या: ती सेवा कोण चालवते, आपण दिलेली फाइल कुठे जाते, आणि ही माहिती शेवटची कधी तपासली.

सर्वांत महत्त्वाची यातली दुसरी. सामान्य माणसाला ऑनलाइन साधन लागते ते बहुतेक वेळा तीन-चार कामांसाठीच: फोटो ठरावीक आकारात बसवायचा, वर्डची पीडीएफ करायची, दोन पीडीएफ जोडायच्या, मोठी पीडीएफ लहान करायची. आणि ही कामे निघतात अर्ज भरताना. म्हणजे जी फाइल आपण अनोळखी साइटवर चढवतो ती नेमकी गुणपत्रिका असते, बँकेचे स्टेटमेंट असते, नाहीतर वैद्यकीय अहवाल असतो. अशा बऱ्याच साइट आपली फाइल त्यांच्या सर्व्हरवर उतरवून घेतात, तिथे काम करतात आणि तयार फाइल परत देतात. 'तासाभरात फाइल पुसून टाकतो' असे कित्येकांनी लिहिलेले असते. खरेच पुसतात की नाही हे तपासायला आपल्याकडे कोणताही मार्ग नाही.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फाइल रूपांतर करून देणाऱ्या फुकट साधनांबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांतली काही साधने सांगितलेले काम व्यवस्थित करतात, पण परत मिळणाऱ्या फाइलबरोबर घातक प्रोग्रामही संगणकात शिरतो. शिवाय चढवलेल्या कागदपत्रांतून ओळख क्रमांक, बँकेचा तपशील, पासवर्ड असे काही वेचून घेतले जाऊ शकते, असे त्यात सांगितले होते. काम चोख झाल्यामुळे संशय येत नाही, हीच यातली गोम आहे. माझ्याकडच्या लोकांना 'पीडीएफ मिळाली ना?' एवढाच निकष ठाऊक असतो.

प्रामाणिक साइटही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर सरसकट शिक्का मारणे अन्यायाचे होईल. पण मला वाचकांना कळावासा वाटतो तो एक वेगळाच प्रकार. काही साइट फाइल कुठेच पाठवत नाहीत. पान उघडताना काम करणारा प्रोग्रामच आपल्या ब्राउझरमध्ये येतो आणि पुढचे सगळे आपल्याच संगणकावर होते. फोटो लहान करणारे 'स्क्वूश' हे गुगलच्या क्रोम गटाने २०१८ मध्ये आणलेले साधन असेच आहे. मी वर्गात ते असे दाखवते: आधी साइट उघडायची, पान पूर्ण येऊ द्यायचे आणि मग सगळ्यांसमोर वायफाय बंद करायचे. आता एक फोटो ओढून त्या पानावर सोडायचा. फोटो उघडतो, मधोमध एक उभी रेघ येते, तिच्या डावीकडे एक रूप आणि उजवीकडे दुसरे. दर्जाची पट्टी मागेपुढे सरकवली की कोपऱ्यात फाइलचा नवा आकार आणि किती टक्के घट झाली ते दिसते. मोबाइलवर काढलेला पाच एमबीचा फोटो बघता बघता काहीशे केबीवर येतो आणि ती रेघ इकडून तिकडे सरकवूनही डोळ्यांना सहसा फरक कळत नाही. इंटरनेट बंद असताना हे झाले, म्हणजे काम आपल्याच यंत्रावर झाले, हे सत्तरीच्या माणसालाही एका मिनिटात पटते. काम संपले की आधी तो टॅब बंद करायचा आणि मगच इंटरनेट जोडायचे, हेही मी सांगते. फोटो दुरुस्तीचे 'फोटोपी' याच रीतीने चालते. इव्हान कुत्स्किर या एका प्रोग्रामरने ते उभारले आहे आणि जाहिरातींवर त्याचा खर्च निघतो. पैसा कुठून येतो हे असे उघड दिसत असले की मला ती साइट सुचवताना धीर येतो.

पीडीएफसाठी तर पुष्कळदा साइटची गरजच नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आधीपासून बसवलेले असते. छापण्याची आज्ञा द्यायची, प्रिंटरच्या जागी हे नाव निवडायचे, पानांच्या रकान्यात '३ ते ५' एवढीच पाने मागायची. तीन पानांची वेगळी पीडीएफ तयार. चार फोटो एकत्र निवडून असेच छापले तर त्या चौघांची मिळून एक पीडीएफ होते. इतकी साधी गोष्ट, पण ती माहीत नसल्याने लोक शोधत शोधत कुठल्या कुठे पोहोचतात. दोन पीडीएफ जोडायच्या असतील तर 'पीडीएफसॅम बेसिक' हा मोफत, मुक्त स्रोत (म्हणजे ज्याची आतली रचना कोणालाही पाहता येते असा) प्रोग्राम संगणकावर उतरवून घ्यावा. वर्डची फाइल उघडून तिची पीडीएफ करायला 'लिब्रेऑफिस' आहे. २०१० मध्ये ओपनऑफिस या तशाच मोफत संचापासून वेगळा झालेला हा कार्यालयीन प्रोग्रामांचा संच 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही ना-नफा संस्था सांभाळते. पीडीएफवर नाव लिहायचे किंवा सहीचे चित्र डकवायचे असेल तर ते फायरफॉक्स ब्राउझरमध्येच होते. आपल्या याद्यांमध्ये ही नावे कमी दिसतात. नवी साइट सांगण्याची ओढ मी समजू शकते, पण हाताशी असलेले साधन सांगणे वाचकाच्या जास्त उपयोगी पडेल.

आता पहिली गोष्ट, कोण चालवते ती. नुसते नाव छापले की वाचक ते शोधतो, आणि शोधात सर्वांत वर पुष्कळदा जाहिरात असते. प्रसिद्ध प्रोग्रामांच्या नावाने जाहिरात देऊन हुबेहूब बनावट पानावर नेण्याचे प्रकार इतके वाढले, की डिसेंबर २०२२ मध्ये एफबीआयनेच लोकांना जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरण्याचा सल्ला दिला. व्हिडिओ पाहण्याच्या 'व्हीएलसी' या प्रोग्रामचेच उदाहरण घ्या. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो जन्मला, २००१ पासून मुक्त स्रोत आहे, आणि व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो फुकट देते. त्याचा खरा पत्ता 'व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग'. पण त्याच नावाने डाउनलोड देणारी दुसरी पाने उघडली, तर मोठाली हिरवी बटणे दिसतात, त्यांतले एखादे भलत्याच प्रोग्रामचे असते, आणि सोबत नको असलेली टूलबार येते ती वेगळीच. म्हणून नावाबरोबर पूर्ण पत्ता छापला पाहिजे. पत्ता हाताशी नसेल तर वाचकांना एक सोपा उपाय सांगता येईल: विकिपीडियावर त्या प्रोग्रामचा लेख उघडावा, बाजूच्या चौकटीत अधिकृत संकेतस्थळाचा दुवा असतो, तिथूनच जावे. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे की भामटा, हे ते सांगत नाही. लोक त्यातून भलताच अर्थ काढतात हे पाहून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले.

काही ठिकाणी मात्र माहिती देण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तिथे ती नेमकी किती द्यावी लागते हे समजावून सांगायला हवे. 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केली. आपला ईमेल पत्ता टाकला की तो कोणकोणत्या फुटलेल्या माहितीसाठ्यांत सापडला ते ती सांगते. तिथेच पासवर्ड तपासण्याचीही सोय आहे. 'पासवर्ड दुसऱ्याच्या साइटवर टाकायचा?' असे माझ्या वर्गात दर वेळी कोणीतरी विचारते आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे की आपल्या ब्राउझरमध्येच त्या पासवर्डची चाळीस अक्षरांची एक सांकेतिक माळ बनते, आणि तिची फक्त पहिली पाच अक्षरे पलीकडे जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या, फुटलेल्या पासवर्डांच्या शेकडो माळा परत येतात आणि आपली माळ त्यांत आहे का हे आपलाच ब्राउझर पाहतो. पासवर्ड कुठेच जात नाही. एवढे समजले की माणूस निर्धास्तपणे तपासतो, आणि सापडला तर तो पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे बदलतो.

'व्हायरसटोटल'चे उलट आहे. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गुगलकडे असलेली ही सेवा एकच फाइल कितीतरी अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी तपासून देते. संशयास्पद फाइल किंवा लिंक उघडण्याआधी तिच्यासारखा आधार नाही. पण तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि तिच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना उपलब्ध होते. साइट चांगली, हेतू चांगला, तरीही स्वतःचे करारपत्र 'व्हायरस आहे का बघू' म्हणून तिथे टाकू नये. लिंकचा पत्ता खुशाल तपासावा, पण त्यातही जी लिंक आपल्या खासगी फाइलकडे नेते ती टाकू नये. यादीतल्या एका ओळीत हे मावते, आणि ती ओळ नसली तर चांगल्या सल्ल्यातूनच वाचकाचे नुकसान होते.

तिसरी गोष्ट तारखेची. फायरफॉक्सची 'सेंड' ही मोठ्या फाइल पाठवण्याची सुरेख सेवा २०१९ मध्ये आली आणि गैरवापर वाढल्यामुळे २०२० मध्ये बंद झाली. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांमध्ये ती अजून आहे. सेवा बंद पडली तर निदान कळते तरी. 'द ग्रेट सस्पेंडर' हे न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारे क्रोमचे एक्स्टेन्शन लाखो लोकांकडे होते आणि अनेकांनी मनापासून सुचवलेले होते. २०२० मध्ये ते नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने घातक ठरवून ते काढून टाकले. नाव तेच, चिन्ह तेच, मालक निराळा. ज्यांनी आधी शिफारस केली त्यांचे काही चुकले नव्हते. पण तारखेशिवाय छापलेली शिफारस पुढेही खरीच वाटत राहते. म्हणून 'तपासले' या शब्दापुढे महिना आणि वर्ष हवे.

एवढे छापायला जागा कुठून आणायची, असे आपण म्हणाल. पंचवीस नावांऐवजी पाच द्या. पंचवीस साइट कोणीच वापरत नाही. एका नोंदीचा नमुना देते:

'स्क्वूश. फोटोचा आकार कमी करण्यासाठी. गुगलच्या क्रोम गटाने बनवलेले, मुक्त स्रोत, जाहिराती नाहीत. फाइल आपल्याच ब्राउझरमध्ये राहते. पत्ता: स्क्वूश डॉट ॲप. तपासले:' आणि पुढे तारीख.

पुढच्या यादीआधी नावे पडताळून पाहायची असतील तर ते काम मी आणि माझ्या वर्गातली मंडळी आनंदाने करू. वायफाय बंद करून पाहण्याची चाचणी त्यांना आता माझ्यापेक्षा चांगली जमते.

आपली,
एक नियमित वाचक