सूचना: रविवारी नॅट जोडायला बसू
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या खोलीत नॅट या लढाऊ विमानाचं १:७२ प्रमाणाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याइतकं) मॉडेल जोडायला घेतोय. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर जेटना पुरून उरलेलं हेच ते चिमुकलं विमान. मॉडेल जेमतेम बारा सेंटिमीटर भरतं. कटर, चिमटा, बारीक पॉलिश पेपर आणि वाचायचा चष्मा आणावा. चष्मा नक्की! गेल्या खेपेस मी पुढचं चाक उलटं चिकटवलं, नातवाने एका नजरेत ओळखलं. सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन आणा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. ग्लूचा वास उग्र असतो, दमा असणाऱ्यांनी खिडकीपाशी बसावं. शाळेत असताना अर्धवट सोडलेलं किट माळ्यावर सापडलं, तर तेही घेऊन या.