बुकिंग नेमकं कुणाच्या नोंदीत आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

“तुमच्या एजंटशी बोला” आणि “क्रूझ कंपनीशी बोला” ही दोन उत्तरं ज्यांना एकाच दिवशी ऐकावी लागली आहेत, त्या प्रवाशांसाठी हे पत्र आहे. पैसे भरून झालेले असतात, रजा मंजूर झालेली असते, बंदरापर्यंतची तिकिटं काढलेली असतात, आणि जहाजावर आपल्या नावाची केबिन आहे की नाही हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मी आधी एका ट्रॅव्हल एजन्सीत आणि नंतर एका क्रूझ कंपनीच्या आरक्षण विभागात नोकरी केली. आता निवृत्त आहे. फोनच्या दोन्ही टोकांना बसल्यामुळे या टोलवाटोलवीचं मूळ मला ठाऊक आहे. ते प्रवाशांपर्यंत पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मूळ असं, की एकाच बुकिंगच्या दोन नोंदी असतात. एक एजंटच्या संगणकात, दुसरी क्रूझ कंपनीच्या. एजंट जो कागद देतो त्यावर पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या फाइलचा क्रमांक असतो. कंपनीचा बुकिंग क्रमांक निराळा. केबिन मिळते ती कंपनीच्या नोंदीवरून. बंदरावरचा कर्मचारी एजंटच्या कागदावरचा शिक्का पाहत नाही, तो समोरच्या पडद्यावर तुमचं नाव शोधतो. त्यातून मध्ये एखादा घाऊक एजंट असेल तर नोंदी तीन होतात, कारण लहान एजंट त्याच्याकडून केबिन घेतो आणि कंपनीकडे खातं असतं ते घाऊक एजंटचं. एवढ्या हातांतून जाताना एखादी तारीख, नावातलं एखादं अक्षर किंवा एखादी खास विनंती कुठेतरी मागे राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यात भर पडते ती बुकिंगच्या मालकीची. एजंटमार्फत केलेलं बुकिंग कंपनीकडे त्या एजन्सीच्या नावावर चढतं आणि कमिशन तिला मिळतं. पुढचे सगळे बदल, रद्द करणं, परतावा हे एजन्सीनेच करायचं, असा बहुतेक कंपन्यांचा नियम असतो. नियमामागचं कारण मला पटतं. प्रवाशाने तासन्‌तास एजंटकडून माहिती घ्यायची आणि शेवटच्या क्षणी थेट कंपनीकडे जायचं, असं होऊ लागलं तर एजंटने जगायचं कसं? म्हणूनच थेट कंपनीकडे केलेलं बुकिंग एजंटकडे वळवायला मोजक्या दिवसांची मुभा असते, अनेक ठिकाणी 30 ते 60 दिवसांची, आणि तीसुद्धा पूर्ण पैसे भरण्याआधी. उलट, एजंटचं बुकिंग कंपनीने स्वतःकडे घ्यायचं तर सहसा एजन्सीची संमती लागते. पण हा नियम एजंटचं कमिशन राखण्यासाठी आहे, प्रवाशाला त्याच्याच बुकिंगची माहिती नाकारण्यासाठी नाही. आरक्षण विभागात नव्याने आलेल्या मुलांना “एजंटचं बुकिंग आहे, हात लावायचा नाही” एवढंच शिकवलं जातं. मग ती मुलं बदल तर करत नाहीतच, पण “हो, तुमची केबिन पक्की आहे” एवढं सांगायलाही कचरतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

मी पाहिलेले सर्वांत जास्त घोळ मुदतीचे होते. एजंट केबिन धरतो तेव्हा ती सुरुवातीला ‘ऑप्शन’वर असते, म्हणजे अमुक तारखेपर्यंत डिपॉझिट आलं तर तुमची. तारीख उलटली की प्रणाली ते बुकिंग आपोआप काढून टाकते आणि केबिन पुन्हा विक्रीला लागते. कोणी माणूस बटण दाबत नाही, कोणी फोन करत नाही. प्रवाशाने एजंटला पैसे वेळेवर दिलेले असतात, पण एजंटला पैसे मिळणं म्हणजे कंपनीला मिळणं नव्हे, आणि हे अंतर प्रवाशाला दिसत नाही. उरलेल्या रकमेचंही तसंच. ती साधारणपणे जहाज सुटण्याच्या 60 ते 120 दिवस आधी भरावी लागते. चांगले एजंट आपली स्वतःची तारीख त्याच्या काही दिवस आधीची ठेवतात, आणि तसंच असायला हवं. तुम्हाला सांगितलेली तारीख एजंटची की कंपनीची, हे विचारून घ्यावं.

एक कुटुंब मला विसरता येत नाही. शेजारशेजारच्या दोन केबिन, मधल्या दाराने जोडलेल्या. एकीत आई-वडील आणि मुलं, दुसरीत आजी-आजोबा. दोन केबिन म्हणजे दोन बुकिंग आणि दोन क्रमांक. एजंटने दोन्हींची रक्कम वेळेत भरली, पण सगळी एकाच क्रमांकावर. त्यामुळे पहिल्या बुकिंगवर जादा पैसे जमा दिसत होते आणि आजी-आजोबांचं बुकिंग पैसे न आल्यामुळे रद्द झालं होतं. कंपनीकडे पै न पै पोहोचलेली होती! त्यांच्या मुलीने फोन केला तेव्हा आमच्याकडून तिला एजंटकडे पाठवलं गेलं. एजंटने तिला पावती दाखवली आणि पुन्हा आमच्याकडे पाठवलं. पावती खरी होती आणि आमच्या पडद्यावरचं ‘रद्द’ हेही खरं होतं. शेवटी हिशेब खात्यातल्या एका सहकाऱ्याने दोन्ही क्रमांक एकाच वेळी उघडून पाहिले, तेव्हा काही मिनिटांत उलगडा झाला. बुकिंग पुन्हा उभं केलं, भाडंही जुन्याच दराने लावलं. पण तोवर जोडलेली केबिन दुसऱ्या कोणी घेतली होती आणि त्या वृद्ध जोडप्याला वेगळ्या मजल्यावर जावं लागलं. पहिल्याच फोनला एजंट, कंपनी आणि ती मुलगी असे तिघं एका वेळी बोलले असते, तर केबिनही वाचली असती.

दुसरा घोळ तिसऱ्या माणसाचा. एजंट म्हणतो, “आत्ता दोघांचं करू, मुलाचं नाव नंतर घालू, सोफा-बेड आहेच.” केबिनमध्ये जागा असते, तरीही कंपनी नंतर नाव घालायला नकार देते. प्रवाशाला हा हटवादीपणा वाटतो आणि एजंटलाही समजावता येत नाही. खरं कारण लाइफबोट हे असतं. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या माणसांसाठी आणीबाणीत जमण्याची जागा आणि लाइफबोट ठरलेली असते. त्या भागाची संख्या भरली की पलंग रिकामा असला तरी माणूस वाढवता येत नाही. टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर 1914 साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आज 1974 चा सोलास करार लागू आहे, आणि तिथे तडजोडीला वाव नाही. असूही नये. म्हणून जो येणार त्याचं नाव पहिल्या दिवशीच घालावं. तान्ह्या बाळाचंही. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांपेक्षा लहान बाळ घेत नाहीत, लांबच्या सागरी सफरींवर अट एक वर्षाची असते.

विनंत्यांचं काय होतं तेही सांगते. चाकाची खुर्ची आत जाईल अशी रुंद दाराची केबिन हवी, असं प्रवासी एजंटला सांगतो. एजंट आपल्या फाइलमध्ये तशी टीप लिहितो. ती टीप कंपनीला दिसत नाही. अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात, त्यांचा प्रकार वेगळा असतो आणि त्यांच्यासाठी सहसा कंपनीचा वेगळा अर्ज भरावा लागतो. त्यात बुकिंग ‘गॅरंटी’चं, म्हणजे फक्त केबिनचा प्रकार ठरवून केलेलं असेल तर केबिन क्रमांक कंपनी आपल्या सोयीने, कधी कधी अगदी शेवटच्या दिवसांत देते. ज्याला विशिष्ट केबिनची गरज आहे त्याने कितीही स्वस्त पडली तरी गॅरंटी घेऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगत आले.

नावाचं थोडक्यात. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने. स्पेलिंगची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी सहज होते, पण माणूसच बदलायचा म्हटलं की काही कंपन्या ते रद्द करून नवं बुकिंग केल्यासारखं धरतात.

आता घोळ झालाच तर काय करावं? आधी कंपनीचा बुकिंग क्रमांक मिळवा. एजंट तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तीच धोक्याची खूण समजा. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अॅपमध्ये टाकला की नावं, केबिनचा प्रकार आणि तारीख दिसते, पुष्कळदा भरलेली आणि उरलेली रक्कमही. ही तपासणी घोळ होण्याची वाट न पाहता बुकिंग झाल्याच्या दिवशी आणि नंतरच्या प्रत्येक बदलानंतर करावी. जे दिसतं त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. पूर्ण पैसे भरण्याआधी सापडलेली चूक बहुधा फुकटात सुधारते. नंतर रद्द करण्याचे आकार टप्प्याटप्प्याने वाढत जातात आणि शेवटच्या टप्प्यात सगळी रक्कम जाते.

तक्रारीचं पत्र एजंटला वेगळं आणि कंपनीला वेगळं पाठवू नका. दोघांना एकच ईमेल पाठवा, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या नावावर काय ढकललं हे दोघांनाही दिसेल. एजंटला म्हणा, “तुम्ही कंपनीला फोन लावा आणि मलाही त्याच फोनवर घ्या.” एजंट लाइनवर असला की मालकीचा प्रश्नच उरत नाही आणि कर्मचारी मोकळेपणाने बोलतो. त्याला बुकिंगचा इतिहास वाचून दाखवायला सांगा. कोणत्या तारखेला काय बदललं आणि ते एजन्सीकडून झालं की कंपनीकडून, याची नोंद प्रणालीत राहते. आमच्याकडे निम्मे वाद त्या एका पडद्याने मिटत. एजंटसाठी कंपनीचा वेगळा विक्री प्रतिनिधी असतो. एजंटने सर्वसामान्यांच्या कॉल सेंटरमध्ये ताटकळत बसण्यापेक्षा त्याच्याकडे जावं. आणि कृपा करून घाबरून स्वतःच दुसरं बुकिंग करू नका. एकाच नावाची दोन बुकिंग झाली की जुना दर आणि सवलती जातात, वर दोन्हींकडे पैसे अडकतात.

कार्डाने पैसे भरले असतील तर खात्याच्या विवरणात कोणाचं नाव उमटलंय ते पाहा. क्रूझ कंपनीचं असेल तर पैसे तिच्यापर्यंत गेलेले आहेत. एजन्सीचं असेल तर परताव्याचा पहिला प्रश्न एजन्सीला विचारायचा, आणि बँकेकडे दाद मागायची वेळ आली तर तीही त्याच नावाविरुद्ध. त्याला मुदत असते, म्हणून “बघतो, करतो” या आश्वासनांवर महिने घालवू नयेत.

कायद्याच्या बाबतीत एक चांगलं उदाहरण आहे. युरोपीय संघाच्या 2015 च्या पॅकेज प्रवासविषयक निर्देशात बुकिंगमधल्या चुकांसाठी स्वतंत्र कलम आहे, कलम 21. तो निर्देश 1 जुलै 2018 पासून लागू झाला. बुकिंग प्रणालीतल्या तांत्रिक दोषामुळे झालेल्या चुकीला ज्याच्याकडून तो दोष झाला तो व्यावसायिक जबाबदार, आणि ज्याने बुकिंग करून द्यायचं मान्य केलं तो त्या प्रक्रियेत झालेल्या चुकांना जबाबदार, असं ते म्हणतं. चूक प्रवाशाची असेल तर अर्थातच नाही. जबाबदारी इतक्या सरळ शब्दांत लिहिलेली असली की टोलवाटोलवीला जागा कमी राहते. याउलट, क्रूझ कंपन्यांच्या सीएलआयए या संघटनेने 2013 मध्ये प्रवाशांच्या हक्कांची सनद स्वीकारली. यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा, जहाजावर वैद्यकीय सेवा, आणीबाणीची वीज, असे महत्त्वाचे हक्क तिच्यात आहेत. एजंट आणि कंपनी यांच्यामध्ये अडकलेल्या प्रवाशाबद्दल मात्र तिच्यात एक ओळही नाही. ती यावी, असं मला तळमळीने वाटतं.

माझं मागणं अवघड नाही. पैसे न आल्याने बुकिंग आपोआप रद्द होणार असेल, तर त्याआधी प्रवाशाला थेट कळवा. बदल करू नका, पण स्थिती विचारली तर सांगा. एजंटच्या प्रत्येक कागदावर कंपनीचा क्रमांक सर्वांत वर छापा. आणि प्रवाशाचा स्वतःचा ईमेल आणि फोन कंपनीच्या नोंदीत घालणं सक्तीचं करा. तिथे ते भरायची जागा आजही असते. पण कंपनी आपलं गिऱ्हाईक पळवेल या भीतीने कित्येक एजंट तिथे आपल्याच कार्यालयाचा पत्ता भरतात, आणि मग कंपनीने पाठवलेली मुदतीची सूचना, केबिन बदलल्याची सूचना, सगळं एजंटच्या पेटीत पडून राहतं. कंपन्यांनी त्या पत्त्यावर जाहिराती पाठवणार नाही असं एजंटांना लिहून द्यावं, आणि एजंटांनी प्रवाशाचा खरा पत्ता भरावा. तोवर बुकिंग करताना प्रत्येक प्रवाशाने एजंटसमोर बसूनच विचारावं, “कंपनीच्या नोंदीत माझा ईमेल घातलात ना? मला दाखवा.”

आपली,
आरक्षण विभागातून निवृत्त झालेली एक वाचक