कांद्याऐवजी कोबी चिरायला लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न.

नाव कुठेही छापायचं नाही, ही तुमची एकमेव अट. ती पाळतो. आकाशवाणीच्या नाटकांना वर्षानुवर्षं ध्वनिसंकेत देणारा माणूस, एवढी ओळख वाचकांना पुरे. ताज्या घडामोडींवर दर आठवड्याला दहा मिनिटांचं श्राव्य प्रहसन कसं उभं करायचं आणि मुख्य म्हणजे ते टिकवायचं कसं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की आता घरोघरी माईक आले आहेत आणि तुमच्या टिपा एकाच गटाच्या वहीत पडून राहणं बरं नव्हे.

सुरुवात तुम्ही 'पुन्हा प्रपंच'पासून केलीत. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे टेकाडे भाऊजी. आकाशवाणी मुंबईची ही श्रुतिका लोकांच्या लक्षात आहे ती घरगुती गंमत म्हणून. तुम्ही घड्याळाचं मागचं झाकण काढावं तशी ती उघडलीत. तीनच आवाज का? कारण कानाला चेहरे दिसत नाहीत. तीन माणसांपर्यंत श्रोता आवाजावरून ओळखतो, चौथा आला की 'हा कोण बोलला?' असं त्याच्या मनात येतं आणि तेवढ्यात विनोद निघून जातो. आमच्या पहिल्या संहितेत चौदा पात्रं होती. तुम्ही अकरांवर काट मारलीत, आणि उरलेल्या तिघांचे आवाज पट्टीनं नव्हे, बोलण्याच्या वेगानं वेगळे करायला सांगितलंत. एक भरभर, एक संथ, एक मध्येच थांबणारा. पट्टी स्वस्त स्पीकरवर सपाट होते, वेग होत नाही.

आणि गोष्ट घरातलीच का? ते कारण संहितेचं. आपल्या लिखाणाची नव्हे, आकाशवाणीच्या प्रसारण संहितेची. राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावानं टीका नको, मित्रराष्ट्रांवर टीका नको. आता एवढं सगळं वगळल्यावर ताज्या घडामोडींत उरतं काय? तुमचं उत्तर होतं, स्वयंपाकघर. मंत्र्याला माईकसमोर आणता येत नाही, पण त्यानं सही केलेला कागद शेवटी कुणाच्या तरी पिशवीत येऊन पडतोच. ती पिशवी माईकसमोर आणा. आज इंटरनेटवर ही संहिता कुणाला लागू नाही. तरी ही युक्ती चालते, कारण नावावर हसणं आठवड्यात शिळं होतं. खासगी एफएमला तर स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, तिथं आकाशवाणीच्याच बातम्या पुन्हा ऐकवता येतात. त्यामुळे तिथला विनोद बहुतेक फोनवरून कुणाला तरी फसवण्यात अडकला. तो वेगळा विषय आहे, पण आम्हाला राहवलं नाही.

शिळेपणाचं उदाहरण म्हणून तुम्ही कांदा निवडलात, तो उगाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि तेच ४० टक्के शुल्क मानगुटीवर ठेवून. सप्टेंबरात किमान दर गेला आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत इतक्या वळणांच्या बातमीवर आकड्याचा विनोद लिहिला, तर गुरुवारी ध्वनिमुद्रित केलेला भाग रविवारी खोटा ठरू शकतो. म्हणून तुमचा नियम: आकडा फक्त पहिल्या ओळीत, म्हणजे बदलला तर एकच वाक्य पुन्हा मुद्रित करायचं, आणि ते वाक्य एकाच पात्राचं, मागे कुठलाही आवाज न ठेवता. बाकीची साडेनऊ मिनिटं परिणामावर. भाव उतरला म्हणून खूश झालेली मुंबईची वहिनी, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणारा नवरा, आणि लासलगावहून रिकाम्या हातानं आलेला दीर. वहिनी आणि दीर, दोघांच्या कांद्याची गोष्ट एकच, भाव दोन. कुणाचंही नाव घ्यावं लागत नाही, आणि कुणाला उद्देशून आहे ते सगळ्यांना कळतं.

शब्दांचा हिशोब तुम्ही बोटांवर करून दाखवलात. मराठी संवाद, मधल्या थांब्यांसकट, मिनिटाला ११० ते १२० शब्द. दहा मिनिटांतली शीर्षकधून आणि समारोपाची तीस-चाळीस सेकंदं काढली, की हातात साधारण १,०५० शब्द. आम्ही १,५०० लिहीत होतो, मग भरभर वाचत होतो, आणि मग लोक हसत का नाहीत याचा विचार करत होतो. सभागृहात प्रेक्षक हसतात तेव्हा नट थांबतो. रेडिओसमोर एकटा माणूस मनातल्या मनात हसतो, त्याच्यासाठी अर्धा सेकंद मोकळा सोडावाच लागतो. जुनी टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर धावायची, म्हणून तुमच्या खिशात फूटपट्टी असायची: अर्धा सेकंद म्हणजे साडेनऊ सेंटीमीटर कोरी टेप, मेणाच्या पेन्सिलीची खूण, ४५ अंशांत तिरका काप. सरळ कापलं तर जोडावर 'टक्' वाजतं, आणि ब्लेडला चुंबकत्व आलं असेल तर तिरकं कापूनही वाजतं. आता संगणकावर माऊसनं काम होतं, पण चूक उलटी होते. सॉफ्टवेअर श्वास आणि शांतता आपोआप छाटून टाकतं, आणि पात्रं एकमेकांच्या बोकांडी बसून बोलल्यासारखी वाटतात. तो पर्याय बंद ठेवायचा हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

आणि कोबी. कांदा चिरल्याचा आवाज माईकला जवळजवळ येतच नाही. ओला, मऊ, कुजबुजल्यासारखा. कोबीचा अर्धा गड्डा लाकडी पाटावर जाड सुरीनं कापला की श्रोत्याला कांदा दिसतो, अट एवढीच की त्याच्या आधीच्या वाक्यात कुणीतरी 'कांदा' हा शब्द उच्चारलेला हवा. फोडणीचंही तेच. खऱ्या फोडणीचं मुद्रण ऐकलं तर पाऊस पडतोय असं वाटतं. आधी झाकण ठेवल्याचा आवाज, मग सेलोफेनचा कागद माईकपासून वीतभर अंतरावर चुरगाळायचा, आणि लगेच पात्रानं खोकायचं. खोकल्यानं फोडणी सिद्ध होते. स्टीलची भांडी टाळायची, त्यांचा किणकिणाट मध्यम लहरींवर, म्हणजे जुन्या मीडियम वेव्ह रेडिओवर, नुसती खरखर होऊन पोचायचा. पितळेचा आवाज जाड, तो टिकतो. आज मध्यम लहरींवर ऐकणारे कमी असले तरी फोनचा बारका स्पीकर काही फार वेगळं वागत नाही. म्हणून तुमची कसोटी अजून वापरतो: तयार भाग ५ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे तीक्ष्ण आवाज कापून, एकाच स्पीकरवर, शेजारच्या खोलीतून ऐकायचा. तिघं वेगळे ओळखू आले तर पास.

माईकपाशी काय करायचं ते आता अंगवळणी पडलं आहे. बोलणारा वीत-दीड वीत अंतरावर, तोंड थोडं तिरकं, म्हणजे 'प' आणि 'फ' चा फटका बसत नाही. बाहेरून येणाऱ्यानं सहा-सात फुटांवरून बोलायला सुरुवात करून बोलत बोलतच पुढे यायचं, आवाजाचं बटण फिरवून 'आणायचा' नाही, कारण मग खोलीचं घुमणं तसंच राहतं आणि माणूस भिंतीतून निघाल्यासारखा वाटतो. पंखा बंद. मागे दोन गोधड्या. कागद सुटे, टाचणी नाही, आणि एकही संवाद पान उलटताना तुटता कामा नये.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी भांडण कायम आहे. नेत्यांच्या नकला तुम्हाला साफ नामंजूर. नक्कल सुरू झाली की श्रोता वाक्य सोडून कलाकाराचं कसब ऐकतो, हे म्हणणं पटतं. पण टेकाडे भाऊजींसारखं एखादं पात्र दुसऱ्याचं बोलणं अर्ध्या वाक्यापुरतं वाकडं करून दाखवतं, ती नक्कल आम्हाला हवी. वाईट नक्कल हवी, आणि ती पात्राची वाटावी. हौशी माणूस चहा पिताना करतो तशी. तुम्ही मान हलवली होतीत, होकार होता की नकार ते फोनवर दिसलं नाही, असं आम्ही सोयीस्करपणे धरून चालतो.

आमच्या चुकांवर तुम्ही पेन्सिलीनं शेरे मारलेली अकरा पानं जपून ठेवली आहेत. सर्वांत जास्त वेळा आलेला शेरा: 'हे पात्र सांगतंय. त्याला भांडू दे.'

तुमचा विश्वासू,
तीन आवाजांचा गट

ता. क. दाराच्या आवाजासाठी तुम्ही दिलेल्या कडीकोयंड्याच्या लाकडी चौकटीला कुणीतरी प्रेमानं तेल घातलं. आता दार उघडतं ते ऐकूच येत नाही. गंज परत कसा आणायचा, तेवढं कळवावं.