नाताळचा केक आणि पहाटे चारचा ताप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नाताळ पुरवणीची चारही पानं वाचली. प्लम केक, सांताच्या टोप्या घातलेली मुलं, वांद्र्याची रोषणाई, गोव्यातली मध्यरात्रीची मिस्सा. मी जन्माने ख्रिस्ती, वय सदुसष्ट, राहणार राहुरी तालुका. त्या चार पानांत आमचं घर काही मला सापडलं नाही. आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळ्या आणि चकल्या होतात. केक अलीकडे बेकरीतून येतो, तो नातवंडांच्या हट्टापायी. गाणी पेटी-ढोलकीवर होतात, त्यातली कितीतरी अभंगाच्या चालीची. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे काही वर्षं आमच्या राहुरीतही राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांची भजनं आम्हाला पाठ आहेत, 'जिंगल बेल' नाही. तरी बँकेत हटकून कोणीतरी म्हणतं, "तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे तुमचं इंग्लिश चांगलं असेल, एवढा फॉर्म भरून द्या ना." आमचं 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये नगरहून निघालं, ते मराठीत वाचता यावं म्हणूनच ना! (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण तोंडात अजून नगरच येतं.)

एकदा बदलीच्या गावी खोली बघायला गेले होते. आडनाव ऐकून घरमालकीण म्हणाल्या, "या, या, आपल्यातल्याच दिसता." सामान लावताना बायबलच्या वचनांचं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं, ते बघून म्हणाल्या, "अगं बाई, ख्रिश्चन होय तुम्ही? वाटत नाही हो!" कशी वाटायला हवी होते, ते मी विचारलं नाही. खोली मात्र त्यांनी दिली, आणि सहा वर्षांत एकदाही भाडं वाढवलं नाही, हेही सांगायला हवं.

पण हे पत्र केकसाठी नाही. पुरवणीत एक वाक्य होतं, की ख्रिस्ती समाज म्हणजे जात्याच सेवाभावी. लिहिणाऱ्याने कौतुकानेच लिहिलं असणार. मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते, आणि "सिस्टर, तुमच्या रक्तातच सेवा" हे इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला कंटाळा आलाय. रक्तात काही नसतं. ड्यूटीचा तक्ता असतो, एक तारखेचा पगार असतो आणि पहाटे चारला डोळ्यांवर आलेली झोप असते.

१९९१ ची गोष्ट. ग्रामीण रुग्णालयात माझी सलग पाचवी नाइट. वॉर्डात तीस खाटा आणि मी एकटी. रात्री दोन डिलिव्हऱ्या झालेल्या. पहाटे सगळ्यांचा ताप, नाडी घेऊन तक्त्यावर लिहायची. मी टेबलावरून उठलेच नाही. बसल्या जागी तीसच्या तीस जणांना ९८.४ लिहून टाकलं. नाडीचे आकडे तेवढे जरा इकडेतिकडे केले, खरे वाटावेत म्हणून. कोणत्याही नर्सला विचारा, ही युक्ती तिला ठाऊक असते.

सकाळी राउंडला डॉक्टरांनी एका म्हातारीच्या कपाळाला हात लावला. अंग नुसतं भाजत होतं. त्यांनी तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत आमच्या वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सायेब, थर्मामीटर बिघडलंय, मीच रातच्याला पाडलं हातातून." मावशी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला रजा म्हणजे रजा. मी गप्प राहिले. म्हातारीला औषध लागू पडलं, आठवड्याने ती घरी गेली. कोणाचं काही वाईट झालं नाही.

त्या रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन होतं; ख्रिस्ताची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर खायचा विधी. भाकर खाण्याआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, हे पौलाचं वचन पाळकसाहेब दर महिन्याला वाचतात आणि मी दर महिन्याला ऐकते. त्या दिवशी ताट आलं तसं मी पुढे सरकवलं. शेजारच्या बाईंना वाटलं, मला बरं नाही.

सोमवारी डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. वाटलं होतं, मेमो मिळेल. ते म्हणाले, "ठीक आहे सिस्टर, जा आता, ओपीडी भरलीय." संपलं. मी हलकी होऊन वॉर्डात आले, तर मावशी दारातच उभ्या. "तुमचं मन मोकळं झालं. मला मात्र खोटी पाडलीत ना सायबापुढं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझी नोकरी वाचावी म्हणून त्या बाईने स्वतःवर आळ घेतला होता आणि मी माझं मन स्वच्छ करताना तिला विचारलंही नव्हतं. पंधरा दिवस मावशी माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "बघू." त्यावर कुठलं वचन लावायचं, ते मला आजही नीट कळत नाही.

आमच्यात पापाची यादी सोपी असते: दारू, तंबाखू, सिनेमा. लेबर रूमबाहेर मुलगा झाला की नातेवाईक शंभराची नोट पुढे करायचे, मुलगी झाली की नुसतंच "येतो सिस्टर." ती नोट न घेणं मला कधी जड गेलं नाही, कारण त्याचं कौतुक व्हायचं. पहाटे चारला कोणी बघत नसताना तीस खाटांपाशी जाणं मात्र निवृत्तीपर्यंत जड गेलं. गेले मात्र. रोज नाही म्हणणार, बहुतेक रोज.

आणखी एक. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० च्या, मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. "भाकरीसाठी बाटले" असं आम्हाला अजून ऐकवलं जातं. होय, भाकरीसाठीच. उपाशी पोरीला कोणी भाकर दिली, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. म्हणून 'सेवाभावी' शब्द वाचला की मला आम्ही दिलेलं आठवत नाही, आम्हाला मिळालेलं आठवतं. त्यात मावशींचं ते थर्मामीटरही आलं.

मावशी आता थकल्यात, वारीला जाणं होत नाही. दिवाळीला त्यांचा डबा माझ्याकडे येतो, नाताळला माझा त्यांच्याकडे जातो. यंदा करंज्या तळताना फुटल्या. तशाच नेल्या. त्यांनी एक उचलून उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला पीठ मळायला अजून जमलं नाही."

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. राहुरी