सही करण्याआधी

मालवण

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

चेन्नईला लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला निघताना तू दोन प्रश्न विचारलेस. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 गेलं, तर आता फौजेत समलिंगी म्हणून उघडपणे राहता येईल का? आणि नसेल, तर ते बदलणार कोण? फोनवर याची उत्तरं द्यायची नव्हती. फोनवर माणूस अर्धं ऐकतो आणि उरलेलं आपल्या सोयीनं भरतो. आई वकील असली की पत्रातही कलमं येणारच, तेवढं सोस.

पहिल्याचं उत्तर: नाही, अजून नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांच्या संमतीचे संबंध 377 मधून बाहेर काढले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. पण कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं की तुला आर्मी ॲक्ट, 1950 लागू होतो, आणि तो त्या खटल्यात तपासलाच गेला नाही. पूर्वी 377 चा गुन्हा त्या ॲक्टच्या कलम 69 मधून कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, नेता यायचा, कारण ते कलम नागरी गुन्ह्यांसाठी आहे. ती वाट बुजली. बाकीच्या तीन मोकळ्या आहेत.

कलम 46 (अ) मध्ये 'क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक प्रकारचं लज्जास्पद वर्तन' असे शब्द आहेत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. 'अनैसर्गिक' हा शब्द 1950 चा, तो अजून तसाच आहे. कलम 63 म्हणजे शिस्तीला बाधा. त्यात काहीही बसतं. आणि अधिकाऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात लवचीक ते कलम 45, 'पदाला न शोभणारं वर्तन'. त्याखाली 'सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरणं' असा आरोप आजही ठेवला जातो. प्रेम हे चोरीला जाण्याजोगी मालमत्ता आहे असं धरून चालणारं कलम तुझ्या बाबतीत किती ताणता येईल, ते तूच बघ. दोषी ठरलं तर अधिकाऱ्याला कॅशिअर करता येतं, म्हणजे अप्रतिष्ठेसह बडतर्फ.

निकालानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की असं काही लष्करात चालू दिलं जाणार नाही. आणि घटनेचं कलम 33 संसदेला फौजेतल्या माणसांचे मूलभूत हक्क कमी करण्याची मुभा देतं. तेव्हा 'सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय' हे मेसमध्ये वाद घालायला ठीक, बचाव म्हणून पुरेसं नाही.

आता व्यवहाराचं. गोष्ट बिघडते ती बहुधा कोर्ट मार्शलमध्ये नव्हे, त्याच्या फार आधी, एका बंद खोलीत. समोर वरिष्ठ बसलेले, आवाज मायेचा, 'बेटा, लिहून दे, विषय मिटवू.' तिथं लिहून दिलेला एक परिच्छेद पुढं सगळ्या फायलीचा पाया होतो, आणि 'वैयक्तिक कारणास्तव' दिलेला राजीनामा तर तुझीच मागणी ठरतो. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेसाठीचं न्यायाधिकरण, त्याच्यापुढं रडायला कारणच उरत नाही. कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही. नोटीस हातात आली तर पोच म्हणून सही कर, 'मिळाली' एवढं लिही, तारीख-वेळ घाल आणि प्रत माग.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली आणि तीत तुझ्या चारित्र्याचा किंवा लष्करी लौकिकाचा प्रश्न निघाला, तर आर्मी रूल 180 तुला सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि आपला पुरावा देण्याचा हक्क देतो. पुष्कळदा आधी साक्षी नोंदवतात आणि माणसाला शेवटच्या दिवशी बोलावतात. तेव्हा लेखी हरकत नोंदव. तोंडी हरकत वाऱ्यावर जाते. रूल 182 प्रमाणे त्या चौकशीतलं तुझं म्हणणं पुढे कोर्ट मार्शलमध्ये तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. खासगीत लिहून दिलेल्या कबुलीला हे संरक्षण नाही. मघाची खोली धोक्याची का, ते यावरून कळेल.

खटला न चालवता घालवायचं असेल, तर आर्मी ॲक्टचं कलम 19 आणि आर्मी रूल 14 वापरतात. त्यात आधी कारणे दाखवा नोटीस यावी लागते. उत्तराला मुदत मोजकी असते, म्हणून नोटीस आली त्याच रात्री मला कळव. त्याच ॲक्टच्या कलम 27 खाली केंद्र सरकारकडे तक्रार करता येते. तिचा निकाल लागला की सहा महिन्यांत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलकडे जायचं. सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. सेवेतून काढलं गेलं तर आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो, आपल्याला मुंबई.

आणि एक, जे तुला आवडणार नाही. आपल्या हाताखालच्या कुणाशीही संबंध नको. मुलगा असो की मुलगी, तिथं फौज चुकीची नाही, कारण हुकूम देणाऱ्यापुढं संमती मोकळी नसते.

आता दुसरा प्रश्न. बदलणार कोण? तू नाही. निदान वर्दीत असेपर्यंत नाही. आर्मी ॲक्टचं कलम 21 आणि त्याखालचे नियम संघटना, सभा, निदर्शनं, वर्तमानपत्राशी बोलणं, सगळ्यावर बंधन घालतात. देवबागच्या किनाऱ्यावर रापण बघत वाढलीस. होडी जाळं टाकत समुद्रातून गोल फिरून येते, पण दोऱ्यांची दोन्ही टोकं वाळूवर असतात आणि ओढायचं किनाऱ्यावरच्यांनी. ब्रिटन आणि अमेरिकेत फौजेतली समलिंगींवरची बंदी उठली, ती अशीच.

ब्रिटनमध्ये फौजेतून काढून टाकलेल्या माणसांनी 1991 मध्ये रँक आउटसायडर्स ही संघटना उभी केली. लष्करी पोलिस त्यांना बसवून विचारत असलेले प्रश्न इतके खासगी होते की पुढे ते नोंदलेले प्रश्नच सरकारच्या अंगाशी आले. 27 सप्टेंबर 1999 ला युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने काढून टाकलेल्या चौघांच्या बाजूने निकाल दिला. सरकारचं म्हणणं होतं की इतर सैनिकांना हे आवडणार नाही. न्यायालय म्हणालं, वंश किंवा रंगाबद्दलची नावड जशी कारण होऊ शकत नाही, तशीच हीही नाही. 12 जानेवारी 2000 ला बंदी गेली. तिच्या जागी काय आलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: एकच कसोटी, की या माणसाच्या वागण्याने तुकडीच्या कार्यक्षमतेला बाधा आली का, किंवा येण्याची शक्यता आहे का? पुरुष, बाई, कुणालाही तीच. आपल्याकडे मागणी करायची ती हीच. 'आम्हाला सूट द्या' अशी नको. 46 मधला 'अनैसर्गिक' काढा आणि वागणूक सगळ्यांची सारखी मोजा.

अमेरिकेची वाट लांबची होती. 1975 मध्ये हवाई दलाचा पदकविजेता सार्जंट लिओनार्ड मॅटलोविच याने आपण समलिंगी असल्याचं पत्र स्वतःच वरिष्ठांच्या हाती दिलं. 1993 मध्ये 'विचारू नका, सांगू नका' आलं. ऐकायला सौम्य, पण 'मी अशी आहे' हे एक वाक्य बोललं तरी गैरवर्तनाचं अनुमान निघायचं, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर. त्यात तेरा हजारांहून जास्त माणसं गेली, अरबी शिकवून तयार केलेले दुभाषीसुद्धा. 22 डिसेंबर 2010 ला कायदा रद्द झाला, पण अंमल 20 सप्टेंबर 2011 ला. मधे राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि संयुक्त सेनाप्रमुख मंडळाच्या अध्यक्षांचं प्रमाणपत्र व त्यानंतर 60 दिवस. त्या धोरणाखाली काढलेल्यांच्या डीडी 214 या सेवामुक्तीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात 'समलिंगी वर्तन' छापलेलं असायचं. नोकरी मागायला जाताना तो कागद दाखवावा लागायचा. म्हणजे न सांगण्याचा कायदा, आणि सांगणारा कागद आयुष्यभर खिशात.

बंदी उठली म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. अमेरिकेत जोडीदाराला घर आणि वैद्यकीय सुविधा मिळायला 2013 चा विवाहाचा निकाल यावा लागला. आपल्याकडे 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, म्हणून विवाहितांचं क्वार्टर नाही, कौटुंबिक पेन्शन नाही. पेन्शन इच्छापत्राने कुणाला देता येत नाही हेही लक्षात ठेव. बँकेचं तेवढं जमतं. ऑगस्ट 2024 मध्ये सरकारने स्पष्ट केलं की संयुक्त खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं. ते तुम्ही दोघींनी या सुट्टीत करून टाका, माझ्या परवानगीची वाट बघू नका.

तुला मिळणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत माझ्याकडे पाठव. चांगल्या शेऱ्यांचीही, विशेषतः त्यांचीच. तुझं काम कसं होतं, हे तुझ्या वरिष्ठांनी तारखेसह लिहिलेलं असतं, आणि वेळ आली तर सरकारी वकिलापुढं तेच ठेवायचं असतं. त्यांच्यासाठी निळी फाइल आणून ठेवली आहे.

पार्सलात सोलं आणि कुळथाचं पीठ आहे. आगळ बाटलीत फुटतं, म्हणून नाही पाठवलं.

तुझी,
आई